निळा रथ

रुपरावने शनिवारी संध्याकाळी एक खोकं आणून टेबलावर ठेवलं, तेव्हा सुमती पोळ्या लाटत होती. तिने खोक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढची पोळी जरा जोरात लाटली.

"हे काय आणलं?"

"विकत नाही आणलं. पाहाले आणलं," रुपराव घाईघाईने म्हणाला. "टीव्ही गेम आहे. बर्डीवरच्या दुकानातल्या ताराचंदशेठनं देला. उद्या संध्याकाळपर्यंत खेळून पाहा म्हणे. पसंत पडला तर ठेवा, नाही तर वापस. दोघा जणांचा गेम आहे वं! एक रणगाडा तुहा, एक माहा. एकमेकाले गोळ्या घालाच्या."

"त्याच्यासाठी मशीन कायले पायजे? तसंबी रोज चालूच आहे आपलं."

रुपराव हसला, पण फार नाही. सुमती कशावर बोलते आहे ते त्याला ठाऊक होतं. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. बोनस नुकताच हातात आला होता आणि त्यातून एकच वस्तू येणार होती. ती वस्तू सुमतीने वर्षभर आधी ठरवून ठेवली होती : पायाने चालवायची शिलाई मशीन.

शिवणाचा क्लास तिने रीतसर केला होता. लाईनीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची, पण शेजारच्या कुसुमताईंच्या मशीनवर. कुसुमताई मोठ्या मनाने मशीन देत. एवढंच, की सुमती येणार म्हटलं की त्या मशीन ओढून बाहेर ओट्यावर आणून ठेवत. उन्हात. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर बसून ब्लाउजला बाही लावून पाहा, म्हणजे मोठं मन काय असतं ते कळेल.

सक्करदऱ्यातली ही पाच घरांची लाईन. घरं एकमेकांना चिकटलेली, माणसं नाहीत. रुपरावच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यावरून लाईनीत कोणी वाईट बोलायचं नाही. "आमच्यात तसं काही नाही," असं मधुकरराव सगळ्यांना सांगत. मधुकरराव म्हणजे एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क आणि कोणी न निवडलेले लाईनीचे अध्यक्ष. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की ऐकणाऱ्याची खात्री पटावी, काहीतरी आहे. लाईनीतला पहिला टीव्ही त्यांच्या घरी आला तेव्हा सुमतीही बघायला गेली होती. "ये ये, आमच्यात तसं काही नाही," असं म्हणत मधुकररावांनी तिच्यासाठी उंबऱ्याजवळ पोतं अंथरलं. उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला.

त्या दिवसानंतर रुपरावने ओव्हरटाइम करून करून स्वतःचा टीव्ही घेतला. काळा-पांढरा, पण स्वतःचा. लाईनीत त्याच्याच घरावर स्लॅब होता, बाकीच्यांवर कवेलू, म्हणजे कौलं. त्याने स्लॅबवर उंच पाइप उभा करून अँटेना लावला आणि चित्र असं स्वच्छ यायला लागलं की महिन्याभरात सगळी लाईन दारात. "रुपराव, तुह्या अँटेनाले आमची बी तार लाव न गा." रुपराव भला माणूस. त्याने खिडकीत एक डबी बसवली आणि तिच्यातून घराघरात तारा सोडल्या. ज्यांना त्याच्या घरचं पाणी चालत नव्हतं, त्यांना त्याच्या घरची तार चालत होती. तारेला धुवावं लागत नाही, हा विज्ञानाचा मोठाच उपकार.

"तुले समजत नाही सुमती," रुपराव जेवताना म्हणाला. "पूऱ्या लाईनीत असा गेम कोणाकडं नाही. लोक येतीन आपल्या घरी. बसतीन. खेळतीन."

"टीव्ही आणला तवा बी हेच म्हणले होते तुमी. लोक आले काय? त्यांच्या तारा आल्या."

रुपरावने भाजीत बोट फिरवलं.

"असं करू," शेवटी तो म्हणाला. "उद्या सकाळी खेळू. तीनपैकी दोन डाव जो जिंकन त्याचं खरं. मी जिंकलो तर गेम. तू जिंकली तर मशीन. मंजूर?"

सुमतीने आयुष्यात असला खेळ पाहिला नव्हता. पण रुपरावलाही तो तेवढाच नवा होता, आणि हात कोणाचा जास्त वळतो हे तिला माहीत होतं. "मंजूर," ती म्हणाली. "पण मंग रडाचं नाही."

रविवारी सकाळी सगळी लाईन पौराणिक मालिकेच्या तयारीला लागली होती. त्या काळी रविवारी सकाळी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. मधुकररावांच्या घरचा टीव्ही आता रंगीत झाला होता, लाईनीतला एकुलता एक. त्यांची आई जिजाबाई, वय ऐंशीच्या पुढे, आंघोळ करून, टीव्हीला हार घालून, आरतीचं ताट घेऊन समोर बसली होती. मालिकेत युद्ध सुरू झालं होतं आणि आज मोठी लढाई दाखवणार होते.

इकडे रुपराव तार जोडत होता. ताराचंदशेठने बजावून सांगितलं होतं, "पहले अँटेनाची तार काढा, मग गेमची लावा." पण रुपरावच्या टीव्हीच्या मागची पिन मोडलेली, तार आत डाग देऊन पक्की केलेली. जोडायला जागा एकच, खिडकीतली डबी. आणि डबीतून अँटेनाची तार काढली तर लाईनभर मालिका बंद. मागे एकदा तार बदलताना बातम्या गेल्या होत्या, तर मधुकररावांनी ओट्यावर उभं राहून 'सार्वजनिक गैरसोय' या विषयावर भाषण केलं होतं. म्हणून शेजाऱ्यांचं सुख जपत रुपरावने अँटेनाची तार होती तशीच ठेवली आणि तिच्याच स्क्रूवर गेमची तार आवळली. भलेपणाने केलेली चूक ही अशी असते. ती कधी एकट्यापुरती राहत नाही.

टीव्हीची बाकीची बटणं आत रुतून बसली होती. दाबलं जायचं ते एकच, मालिकेचं. ताराचंदच्या पोऱ्याने आदल्या दिवशी दुकानातच गेम नेमका त्याच चॅनेलवर लावून दिला होता. रुपरावने बटण दाबलं. पडद्यावर भिंतींचा चक्रव्यूह आला, एका टोकाला काळसर रणगाडा, दुसऱ्या टोकाला पांढरट.

आवाज मात्र शंखाचा आला.

"हे काय बाप्पा?" सुमती म्हणाली.

"शेजारचा आवाज येऊन राहिला असन," म्हणून रुपरावने टीव्हीचा आवाज पार बंद केला. फिटर माणूस, कारखान्यात यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून बिघाड सांगायचा. पण घरी यंत्र शंख फुंकत होतं, तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

खेळ सुरू झाला. आणि डबीतून, चार तारांवरून, चारही घरांत सुरू झाला.

मधुकररावांच्या रंगीत टीव्हीवर शंख वाजले, ढोल वाजले, "सावधान!" असा आवाज घुमला आणि देवांच्या जागी चक्रव्यूह उभा राहिला. त्यात एक लाल रणगाडा, एक निळा. दोन्ही चौकोनी, चाकं असलेले, पुढे दांडी काढलेले.

"हे काय आलं?" मधुकरराव ओरडले.

"ओरडू नको," जिजाबाई म्हणाली. तिला मोतीबिंदूतून दिसायचं तेवढं दिसलं होतं. "रथ आहेत. वरून दाखवून राहिले. अन् तो पाह्य, निळा! देवाचा तो." तिने कापूर लावला आणि ताट ओवाळायला सुरुवात केली.

पहिला डाव रुपराव जिंकला. गोळी लागली की रणगाडा गरगर फिरायचा, आणि सुमतीचा रणगाडा भोवऱ्यासारखा फिरला. जिजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आरं देवा, आज काहून मार खाऊन राहिला रं?"

दुसऱ्या डावात सुमतीला युक्ती सापडली. रुपराव वळणावर रणगाडा चालवायचं दांडकं जोरात पिरगाळायचा आणि भिंतीवर आदळायचा. सुमतीने कोपरा आला की थांबायचं ठरवलं. शिवताना कोपऱ्यावर कसं, सुई कापडात रोवून ठेवायची आणि कापड फिरवायचं. तिने रणगाडा कोपऱ्यात रोवला, तोंड फिरवलं आणि बटण दाबलं. रुपराव गरगरला.

"घे!" सुमती ओरडली. "अजून घे! काल लय बोलत होता न! हे घे!"

शेजारी कुसुमताईंनी टीव्हीला दोन थापडा मारून पाहिल्या होत्या. आता भिंतीपलीकडून हे ऐकून त्यांचा हात थांबला. "आयवं, सुमती नवऱ्याले मारून राहिली!" त्या ओट्यावर धावल्या. ओट्यावर गोपाळराव भेटले, चौथ्या घरचे, हातात पान्हा. "अँटेना हलला वाटते. मी पाहतो वर जाऊन," म्हणत ते शिडी लावून रुपरावच्याच स्लॅबवर चढले आणि पाइप फिरवायला लागले. चित्राला ढिम्म फरक पडला नाही. फक्त आवाज गेला. आता चारही घरांत युद्ध मुक्याने चाललं होतं आणि खरा आवाज एकच उरला होता, सुमतीचा.

"मेला! फिरला पाह्य कसा! फिर!"

मधुकररावांनी कान टवकारले. भिंतीपलीकडे "मेला" झालं की त्यांच्या पडद्यावर लाल रथ फिरायचा. पुन्हा "मेला", पुन्हा फिरला. कचेरीत फायली दाबून बसणारा माणूस, त्याला दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागला. पण झाले. ते लुंगी सावरत निघाले आणि रुपरावच्या उंबऱ्यावर येऊन थांबले. आत जायची सवय नव्हती.

"रुपराव! अबे हे काय चालवून राहिला? पुऱ्या लाईनीत तुहा हा खेळ दिसून राहिला! लोक आरत्या ओवाळून राहिले!"

रुपरावच्या हातातलं दांडकं खाली आलं. पण दुसरा डाव तेवढ्यात संपला होता. सुमती जिंकली होती. एक-एक.

"मधुकरराव, तार काढता नाही येत न भाऊ," रुपराव काकुळतीने म्हणाला. "तुमची मालिका बंद होईन म्हणून..."

"आता काय चालू आहे? धर्माची थट्टा लावली तुमी लोकांनी!"

'तुमी लोकांनी' हे शब्द त्या खोलीत पडले आणि पडून राहिले. दाराशी आलेल्या कुसुमताई जमिनीकडे पाहू लागल्या. सुमती उठली. हातातलं दांडकं तिने सोडलं नव्हतं.

"कोणते लोक, मधुकरराव?" ती म्हणाली. "तार मागाले आले होते ते लोक, का देली ते लोक?"

मधुकरराव बाहेरूनच खिडकीपाशी गेले, गजातून हात घातला आणि डबीतून गेमची तार खस्सकन ओढून काढली. वरून, पाइप पुन्हा जागेवर आणत, गोपाळराव ओरडले, "आलं! आलं! मी दुरुस्त केलं!" चारही घरांतून शंख वाजला. खरा रथ, खरे मुकुट, खरी दाढी. मधुकररावांनी लुंगी झटकली. लढाई ते जिंकले होते.

तेवढ्यात त्यांच्याच घरातून आवाज आला.

"कोणं बंद केलं रं?"

जिजाबाई ओट्यावर आली होती. एका हातात आरतीचं ताट, त्यात कापूर अजून जळत होता.

"माय, चालू झालं न आता," मधुकरराव म्हणाले. "जाऊन बस. देव बोलून राहिले."

"बोलूनच राहिले! मागच्या रविवारपासून बोलूनच राहिले! आता कुठं लढाई लागली होती, तर बंद. निळा जिंकला का हरला, ते सांग पहिले!"

"माय, तो देव नोयता. ही सुमती होती. हिचा टीव्हीवरचा खेळ होता तो."

कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. ऐंशी पार केलेल्या सोवळ्या बाईने अर्धा तास कापूर जाळला होता, तो कोणासमोर, हे आता सगळ्यांना कळलं होतं. रुपराव तर माफी मागायला हात जोडून पुढे झाला.

जिजाबाईने सुमतीकडे नीट पाहिलं. मग ताटाकडे. मग पुन्हा सुमतीकडे.

"निळा तू होती काय वं?"

"मले काय माहीत आजी, आमच्या टीव्हीत रंग नाही. कोपऱ्यात थांबून मारून राहिली होती, ते मी."

"तीच. निळी." म्हातारीने मान हलवली. "मंग बरोबरच झालं. जो लढते त्याची आरती करतेत. अजून कोणाची करतेत?" आणि मुलाकडे वळून, "लाव ती तार."

"माय, पण मालिका..."

"लाव म्हणलं न!"

मधुकररावांनी स्वतःच्या हाताने तार पुन्हा लावली. पेचकस नसल्याने नखाने स्क्रू आवळला. जिजाबाई तोवर रुपरावचा उंबरा ओलांडून आत गेली होती. ना विचारलं, ना थांबली. ताट टीव्हीवर ठेवलं, पलंगावर मांडी घातली आणि म्हणाली, "पोरी, पाणी दे पहिले. गळा सुकला माहा तुह्यापायी."

"माय!" बाहेरून मधुकरराव.

"गप रं. युद्ध चालू आहे."

सुमतीने पाणी दिलं. म्हातारीने घटाघटा प्यायलं, तोंड पुसलं आणि पेला पुढे केला. "अजून." तिच्या मागून कुसुमताई आत आल्या, कारण बाहेर उभं राहून दिसत नव्हतं. गोपाळराव स्लॅबवरून उतरून थेट आत. रुपरावच्या घरात लाईन मावेना. पोतं कोणालाच अंथरलं नव्हतं, जो तो मिळेल तिथे बसला. दारात उरले एकटे मधुकरराव.

तिसरा डाव सुरू झाला. आता रुपराव इरेला पेटला होता. घर भरलं होतं. गेम घरात राहिला तर हे असंच राहील, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. तो सावध खेळला. आकडे सारखे चढत गेले, त्याचा एक, सुमतीचा एक. शेवटी पडदा लुकलुकायला लागला, म्हणजे वेळ संपत आली. बरोबरी. रुपरावचा रणगाडा मधल्या भिंतीआड दबा धरून बसला.

"बाहेर नको जाऊ वं!" जिजाबाई पुटपुटली.

सुमती गेली नाही. तिने कोपरा गाठला, सुई रोवली आणि वाट पाहिली. रुपरावला दम निघेना. बारा तासांची शिफ्ट उभ्याने काढणाऱ्या माणसाला दोन क्षण बसवेना. तो भिंतीआडून निघाला, आणि निघताना नेहमीसारखा भिंतीवर आदळला.

सुमतीने कापड फिरवलं. बटण दाबलं.

रुपराव गरगर फिरला, आणि फिरता फिरताच पडदा थांबला.

घरात असा गलका उठला की कवेलूवरचे पारवे उडाले. जिजाबाईने ताट उचलून या वेळी सरळ सुमतीलाच ओवाळलं. कुसुमताई टाळ्या वाजवत होत्या. "मशीन!" सुमती एवढंच ओरडली. "मशीन! मशीन!" रुपराव हरला होता, पण लोकांनी भरलेल्या आपल्या घराकडे पाहत मूर्खासारखा हसत होता.

"हा गेम मधुकर घेईन," जिजाबाईने जाहीर केलं.

"मी कायले?" दारातून आवाज.

"मले खेळाचं आहे म्हणून. अन् तुह्यासंग नाही खेळत, तुले काही येत नाही. सुमतीसंग खेळीन. हिले बोलाव आपल्या घरी."

सुमतीने दांडकं टेबलावर ठेवलं. "मी नाही येत आजी," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या घरी मी एकदा येऊन गेली. उंबऱ्याच्या बाहेरून टीव्ही चांगला नाही दिसत."

म्हातारीला ते पोतं आठवलं असावं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं. मी येईन. गेमचा डबा बी इथंच आणू."

पुढच्या रविवारी मालिकेचा भाग संपला. सुमती खिडकीपाशी नव्या मशीनवर बसली होती. घरात, सावलीत. कुसुमताई समोर खुर्चीवर बसून आपला ब्लाउज शिवून व्हायची वाट पाहत होत्या आणि अधूनमधून म्हणत होत्या की हिची मशीन आपल्या मशीनपेक्षा हलकी चालते. बाहेर काठीचा आवाज झाला. जिजाबाई तडक आत आली आणि पलंगावर आपल्या जागी बसली.

तिच्या मागे मधुकरराव. दोन्ही हातांत गेमचं खोकं, तोंडावर हेडक्लार्कचा घाम. उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच अडले. एक पाय उचलला, पुन्हा ठेवला.

सुमतीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. तिने वर पाहिलं आणि तोंडभर हसली.

"या न मधुकरराव, आत या," ती म्हणाली. "आमच्यात तसं काही नाही."